पाण्याचा दम

आश्विन वद्य अष्टमी, सन १९५६. जागा, वालधुनी नदी जिथे कल्याणच्या खाडीला मिळते तिथला काठ. नुकसानीची मागणी चारशे ऐंशी रुपये, सहा घरांची मिळून. हजर: एक सरकारी अंमलदार, अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला होतो त्याचे मॅनेजर, खाडीत जाळी लावणाऱ्या सहा घरांतर्फे चांगुणाबाई आणि तिचे भाऊबंद, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या शाळेचे लालचंद मास्तर, आणि पंच म्हणून एक गाडीवान व मी. गाडीवानाचा अंगठा, माझी सही.

पंचनाम्याची नक्कल माझ्या पेटीत आहे, पण एवढे मला ती न उघडताही आठवते. आश्विन आला की आठवतेच. यंदाही आला. पाऊस आटोपला, बदलापूरच्या शेतांतून भाताच्या लोंब्या वाकल्या, दुपारचे ऊन पाठीला चावू लागले. हेंद्रेपाड्याच्या पलीकडे उल्हास निवळली. संध्याकाळी मी तिकडे फिरायला जातो. खडकांवरून पाणी आदळते, फुटते, फेसाळते, पुन्हा एक होते. पूर्वी मी ते नुसते पाहत असे. आता मला ठाऊक आहे की ते पाणी तिथे श्वास घेत असते. हे कळायला मला एक सबंध खाडी मेलेली पाहावी लागली.

मी कारखान्यात काटाकारकून होतो. कारखाना कापड धुण्याचा आणि रंगवण्याचा. मागावरून उतरलेले कोरे कापड गाठींनी येई, ते मी काट्यावर घेई. धुऊन, वाळवून, रंगवून बाहेर जाई, तेही काट्यावर घेई. कोऱ्या कापडाला खळ असते. माग चालताना सूत तुटू नये म्हणून मक्याच्या नाहीतर चिंचोक्याच्या पिठाची खळ सुताला पाजतात. ती धुऊन काढल्याशिवाय रंग चढत नाही. म्हणजे शंभर रत्तल कापड आत आले की नव्वद रत्तल बाहेर पडायचे. मधल्या दहा रत्तलांसाठी माझ्या वहीत एक रकाना होता. त्याचे नाव छीज.

सोने घडवताना छीज होते, दळताना होते, हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता आणि तो वाईट वाटत नसे. छीज म्हणजे कुणाचा दोष नाही, कुणी खाल्ले नाही, कामात गेले. दिवसाला सरासरी चार हजार रत्तल कापड, चारशे रत्तल छीज. सहा वर्षे मी ते चारशे सुबक अक्षरात लिहीत आलो. बेरीज कधी चुकली नाही. ते चारशे रत्तल गेले कुठे, हा प्रश्न सहा वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नाही. माझा काटा दाराशी होता, आणि कारखान्याच्या मागच्या अंगाने जी मोरी वालधुनीत उतरत होती ती माझ्या खुर्चीवरून दिसत नव्हती, एवढेच त्याचे कारण.

दर रविवारी आमच्या घरीही खळ शिजते. माझ्या दोन सदऱ्यांना आणि हिच्या सुती लुगड्यांना. तांदळाची पेज गाळून त्यात ती कपडे बुचकळते आणि उरलेली परसातल्या अळूला घालते. एकदा ती आजारी पडली आणि पातेले तीन दिवस तसेच राहिले. चौथ्या दिवशी झाकण काढले तर वर बुडबुडे आणि असा आंबूस वास की दार उघडावे लागले. हा वास मला ओळखीचा वाटला. कुठला ते आठवेना. पुढे आठवला: अंबरनाथच्या शिवमंदिरापासून खाली, जिथे वालधुनीच्या गुडघाभर पाण्यात बायका पूर्वी धुणी धूत, तिथे आता हाच वास येतो.

चांगुणाबाई आठवड्यातून दोनदा बदलापूरला यायची. खाडीकाठच्या सहा घरांच्या वस्तीतली. काळी, उंच, कपाळावर टोपलीच्या चुंबळीची खूण. ती आधी कॅम्पात जाई, कारण सिंधी लोक मासळीचे दर्दी, आणि उरलेली पाटी घेऊन बदलापूरला येई. आमच्या घरचे आणि तिचे भाव ठरवण्याचे भांडण एकोणीसशे एकोणपन्नासपासून चालू होते आणि त्यात दोघींनाही फार रस होता. “वैनी, तुमच्या घरात तागडी हाय का न्यायाधीश?” असे ती माझ्याकडे बघून विचारायची. मी मासा वजन करून घेत असे. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

त्या वर्षी वद्य पंचमीला ती भलत्या वेळी आली, सकाळीच, आणि पाटी शिगोशीग. काळुंद्री, शिंगाळी, खरबी, चिंबोऱ्या; तीन माशांच्या दरात आठ मासे. ही चकित झाली. मी बाहेर येऊन विचारले की आज काय झाले. तिचा चेहरा फुलला होता. म्हणाली, वलगण आली.

वलगण आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. आषाढाच्या तोंडावर पाणी चढते तेव्हा मासे प्रवाहाच्या उलटे शेतांपर्यंत चढून येतात, अंडी घालायला. माणसे कंदील, टोपल्या, पंचे घेऊन धावतात. ती आषाढातली गोष्ट. आश्विनात वलगण कशी, हे मी विचारले होते, एवढे श्रेय मला आहे. ती म्हणाली, देवी खुषीत आहे, दिवाळीच्या आधी देते आहे. पहाटे मासे आपण होऊन काठाला आले, तोंडे पाण्याबाहेर काढून, हाताने उचलावे इतके शांत. चिंबोऱ्या तर चिखल सोडून गवतावर चढल्या होत्या. वस्तीतल्या पोराबाळांसकट सगळ्यांनी टोपल्या भरल्या. हसत होते, गाणी म्हणत होते.

आम्ही ते मासे घेतले, तळले, खाल्ले. चांगले लागले. मी हिला म्हटलेही की मसाला छान झाला आहे. ही गोष्ट मी लपवत नाही, कारण पुढे ज्यांच्यावर मी रागावणार आहे त्यांच्याइतकाच त्या दिवशी मीही आनंदात होतो. ते मासे वलगणीला आले नव्हते. ते गुदमरून वर आले होते, आणि आम्ही त्यांच्या शेवटच्या श्वासांचा सण केला.

षष्ठीला ती आलीच नाही. सप्तमीला आली ती रिकाम्या पाटीने. दारात बसली, पाणी मागितले, ते पिण्याआधी नाकाला लावून वास घेतला. नंतर सांगू लागली. सगळी खाडी पांढरी झाली होती, माशांच्या पोटांनी. बोटाएवढी पिल्ले, आणि हातभर लांबीचे जिताडे, जे वर्षातून चारदा जाळ्यात येतात. चिखलातली कालवेसुद्धा शिंपा उघडून मेली होती. सहा घरांनी जाळ्यांसाठी काढलेले मोसमाचे कर्ज अजून फिटायचे होते, आणि मोसम तर आत्ता सुरू झाला होता. वस्तीतले लोक म्हणत होते विष घातले. कुणी म्हणे कॅम्पातल्यांनी, कुणी म्हणे शेजारच्या गावाने हेव्याने.

ती म्हणाली, “मना इखाचं म्हाईत नाय, भाऊ. पानी दमलंय. मानूस चढ चढून दमला का कसा तोंड उगरून बसतं, तसं मासं बसलं व्हतं. आमाला वाटलं आमच्यासाठी आलं.”

पुढे म्हणाली, खाडीला कांजीचा वास येतो आहे. तुम्ही कारखान्यात लिहिणारे. तुम्हाला कळेल.

मला खरोखरच कळले. रोजचे चारशे रत्तल गुणिले वर्षातले कामाचे तीनशे दिवस. मी दारातच उभ्या उभ्या तो गुणाकार केला.

लालचंद मास्तरांकडे तीच मला घेऊन गेली; ते तिचे जुने गिऱ्हाईक. कॅम्पाच्या बराकी लढाईत लष्कराने सैनिकांसाठी बांधलेल्या. फाळणीनंतर त्यांत घरदार सोडून आलेली माणसे भरली. एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून दहा-दहा बिऱ्हाडे. मास्तरांच्या पडद्याआड एक खाट, एक ट्रंक आणि खिडकीत पापड वाळत घातलेले. सिंधमध्ये ते कॉलेजात रसायन शिकवत. इथे शाळेत तेच शिकवत, पण चौथ्या हिश्शाच्या पगारावर. पल्ला नावाचा मासा सिंधू नदीत उलटा पोहत येतो आणि त्याच्या चवीपुढे इथले सगळे मासे म्हणजे कागद, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. चांगुणाबाई म्हणाली, मग कागद कशाला घेता दर बुधवारी. मास्तर हसले.

नंतर त्यांनी काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घेतले, त्यात शाईचा थेंब टाकला, आणि वरून चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी हळूहळू सोडले. निळे खाली राहिले, निवळ वर. मिसळेचनात. ते म्हणाले, नदीचे गोडे पाणी हलके, समुद्राचे खारे जड. खाडीच्या तोंडाशी गोडे पाणी खाऱ्यावर पांघरुणासारखे पसरते. उधाणाच्या दिवसांत भरतीचा जोर ते घुसळून काढतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती ओहोटी दोन्ही मऊ असतात. वारा पडलेला, ऊन कडक, तापलेल्या पाण्यात हवा मुळात कमी मावते. अशा वेळी तळाच्या पाण्याला वरून हवा मिळत नाही. मिळाली नाही तरी एरवी चालते, चार दिवस निभून जाते. पण त्याच वेळी पाण्यात कुजणारे काही असेल, तर ते कुजवणारे सूक्ष्म जीव राहिलेली हवा आपणच खाऊन टाकतात.

मी विचारले, कुजणारे म्हणजे काय काय. त्यांनी बोटांवर मोजून दाखवले नाही, नुसता पडदा बाजूला केला. बाहेर उघडे गटार वाहत होते. हजारो माणसांच्या संडासांचे, न्हाण्यांचे, म्हशींच्या गोठ्यांचे पाणी त्यातून वालधुनीत जात होते. मास्तरांचा स्वर शरमेचा होता. म्हणाले, आमचाही वाटा आहे. शिवाय वरच्या अंगाला शेतांतून नवे सल्फेट खत धुऊन येते, त्यावर शेवाळ माजते, मरते, तेही कुजते.

मी इथे थांबून एक गोष्ट लिहून ठेवतो. आमच्याकडची सभ्य माणसे तेव्हा सर्रास म्हणत आणि अजून म्हणतात की सिंध्यांनी नदी नासवली. ज्यांना चार शिपायांसाठी खोदलेल्या गटारावर चाळीस कुटुंबे राहायला लावली, त्यांनी संडास कुठे न्यावा हे मात्र कुणी सांगत नाही. गटार बांधायचे काम ज्यांचे होते त्यांनी ते बांधले नाही. आणि माणसाच्या पोटातून जाते ते टाळता येत नाही. माझ्या वहीतले चारशे रत्तल टाळता येत होते. एक हौद खोदून, चार दिवस मुरवून, निवळ पाणी सोडले असते तरी पुष्कळ झाले असते. मास्तरांनी त्या हौदाचे माप काढून दिले होते. आमच्या कारखान्याच्या मोटारखान्याएवढे.

माणशी अर्धा रत्तल पीठ धरले तर चारशे रत्तल म्हणजे आठशे माणसांचे एक वेळचे जेवण. रेशनच्या वर्षांत आमच्या घरात पीठ मुठीने मोजले जात होते. आणि रोज आठशे पाने मी नदीत वाढत होतो.

मास्तर मला म्हणाले, “साईं, जहर ढूंढोगे तो नहीं मिलेगा. इस पानी का दम घुटा है.”

चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिले. तिला हिंदी फारसे येत नसे, पण एक शब्द तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी पंचनामा. मास्तर शाळेतून दोन काचेच्या बाटल्या आणि दोन औषधे घेऊन आले. सकाळी लवकर बदलापूरला उतरून त्यांनी माझ्यादेखत नदीची बाटली भरली होती, बुडबुडा राहू न देता, पाण्याखालीच बूच लावून. औषधे जागेवरच टाकावी लागतात. थेंब पडताच बाटलीत तपकिरी गाळ धरला, उकळलेल्या चहासारखा. तपकिरी म्हणजे पाण्यात हवा आहे. जितका गडद, तितकी जास्त. खाडीच्या तळाची बाटली त्यांनी सगळ्यांसमोर भरली. थेंब टाकले. गाळ पांढरा धरला, आणि पांढराच राहिला. ताकाच्या निवळीसारखा. दोन बाटल्या त्यांनी एका दगडावर शेजारी शेजारी ठेवल्या.

वास असा होता की अंमलदारांनी रुमाल नाकावरून काढला नाही. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांच्याजवळ छापील नमुना होता आणि त्यात विचारले होते: पाण्यात विषारी द्रव्य आढळले काय. त्याखाली दोन बोटे जागा. मी पुढे होऊन म्हटले की मला एक आकडा सांगायचा आहे. मॅनेजरसाहेबांनी भुवई उचलली, पण अडवले नाही. मी रोजचे चारशे रत्तल सांगितले, ते कसे काढले तेही सांगितले, आणि ते मोरीतून इथवर येतात हे सांगितले.

अंमलदारांनी विचारले, खळ म्हणजे काय असते. मी म्हटले, पीठ.

ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “अहो, लोक पुण्य म्हणून माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. पीठ खाऊन मासे मेले असं लिहू?”

हसू फुटले. गाडीवान हसला, मॅनेजर हसले, आणि ज्यांची जाळी रिकामी झाली होती ते चांगुणाबाईचे दीरही हसले. कणकेच्या गोळ्या त्यांनीही घातल्या होत्या. गळाला लावून आणि देवाच्या डोहातही. मी सांगत राहिलो की मासे पीठ खाऊन मरत नाहीत, पीठ कुजताना पाण्यातली हवा संपते म्हणून मरतात. पण एकदा माणसे हसली की पुढचे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मास्तरांनी बाटल्या दाखवल्या. तेव्हा मॅनेजरसाहेब, ज्यांना मी तोवर सज्जन समजत होतो, दोन्ही बाटल्या उन्हाकडे धरून म्हणाले, “हे पाहा. बदलापूरचं पाणी तपकिरी आणि आमच्या खालचं पांढरंशुभ्र. मग घाण कुणाची?”

मी आजही त्या वाक्यावर संतापतो. त्यांनी विज्ञानाची पदवी घेतलेली होती. त्यांना तपकिरी आणि पांढऱ्याचा अर्थ ठाऊक होता. ज्यांना ठाऊक नव्हता त्यांच्यासमोर त्यांनी तो उलटा करून दाखवला, आणि वर पुन्हा बाटल्या जपून दगडावर ठेवल्या, मास्तरांचे आभार मानून.

चांगुणाबाई हसली नव्हती. अंमलदारांनी तिला विचारले, बाई, तुझे म्हणणे काय. ती म्हणाली, पाणी दमले. त्यांनी लेखणी उचलली आणि पुन्हा ठेवली. पाणी दमले असे सरकारी कागदावर लिहिता येत नाही. त्यांनी लिहिले: विषारी द्रव्य आढळले नाही, मासे अतिउष्णतेने मेले असावेत.

यातले पहिले वाक्य अक्षरशः खरे आहे. विष नव्हतेच. गेली तीन वर्षे मी या खरेपणाचा विचार करतो आहे. एखाद्या माणसाच्या तोंडावर उशी दाबून धरली आणि नंतर त्याच्या पोटात विष सापडले नाही म्हणून कागद मिटवला, तर त्याला आपण काय म्हणू? उशी कापसाची होती, कापूस निरुपद्रवी असतो, असे म्हणून सोडून देऊ? पण खाडीच्या बाबतीत हेच झाले, दिवसाउजेडी, सहा घरांच्या देखत, आणि पंच मी होतो.

मी कारखान्याच्या पगारावर असताना मला पंच कसे नेमले, हेही मला पुढे खटकले. त्या दिवशी नाही. लिहितावाचता येणारा जवळपास मीच, म्हणून नेमले. सही करण्याआधी मी म्हटले, आकडा लिहा. ते म्हणाले, नमुन्यात जागा नाही. मग मी सही केली आणि सहीच्या खाली बारीक अक्षरात लिहिले: खळीची छीज रोज चारशे रत्तल. महिन्याने नक्कल मागवली. तिच्यात माझी सही आहे, खालची ओळ नाही. विचारले तर उत्तर मिळाले की सहीनंतरचा मजकूर नकलेत घेत नाहीत. हाही नियम खरा असेल. मी ओळ सहीच्या वर लिहायला हवी होती. कारकुनाने करू नये अशी ती चूक मी, आयुष्यभर कागदांत घालवलेल्या माणसाने, नेमकी त्या दिवशी केली.

काठावरच मॅनेजरसाहेबांनी खिशातून पाकीट काढले. नुकसानभरपाईचा प्रश्न नाही, पण दिवाळी तोंडावर आहे, कारखान्यातर्फे घरटी दहा रुपये दिवाळीची पोस्त समजा, असे म्हणाले. पाच घरांनी घेतली. त्यांना मी नावे ठेवत नाही. घरात मीठ-मिरची लागते. चांगुणाबाईपुढे नोट आली तेव्हा तिने हात पदराखाली घेतले.

“पोस्त झारूवाल्याला देतान,” ती म्हणाली. “मी काय तुमचा नाला झारायला आलेय?”

मॅनेजरांनी नोट घडी करून परत ठेवली. मास्तर बाटल्या खडूच्या खोक्यात भरत होते.

पुढच्या रविवारी मी घरी दोन पातेली मांडली. हेंद्रेपाड्याच्या ओढ्यातले बोटाएवढे मासे, दोन्हीत सहा सहा. एकात नुसते नदीचे पाणी, दुसऱ्यात हिने शिजवलेल्या खळीची एक वाटी. हिला राग आला. चांगली पितळी पातेली, आणि हा उद्योग. सोमवारी सकाळी खळीच्या पातेल्यातले मासे वर आले होते. तोंडे बाहेर, कल्ले उघडत मिटत. संध्याकाळपर्यंत चार गेले. दुसऱ्या पातेल्यात सहाही फिरत होते. ही बराच वेळ पदर तोंडाशी धरून पाहत राहिली. मग तिने उरलेले दोन वाटीने उचलून चांगल्या पाण्यात सोडले. त्यातला एक जगला. त्या रविवारपासून आमच्या घरी खळ शिजली की पातेले धुतलेले पाणीसुद्धा अळूलाच जाते, मोरीत नाही. एवढ्याने खाडीला काही होत नाही, हे तिलाही माहीत आहे.

पातेल्यांची हकीकत मी तारीखवार लिहून कचेरीत नेऊन दिली. पंचनामा पुरा झाला आहे, असे सांगण्यात आले. कारखान्यात मला बोलावून सांगण्यात आले की छीज हा शब्द बरा दिसत नाही, इथून पुढे त्या रकान्याला ओलाव्याची घट म्हणावे. मी म्हटले, कापड मी वाळल्यावर तोलतो, ओलावा कुठला. आठवड्याभरात मला रिकाम्या पिंपांच्या आवारात हलवले. काट्यावर नवा माणूस आला. त्याचे अक्षर चांगले आहे. रकान्याला आता काय म्हणतात मी विचारले नाही. मोरीचा वास तोच आहे.

दरवर्षी आश्विन वद्य अष्टमीला मी आणि मास्तर दोन बाटल्या भरायला जातो. हे आता आमचे व्रतच झाले आहे म्हणा. बदलापूरची तपकिरी. खाडीची गेल्या वर्षी पांढरी. यंदाही पांढरी, आणि जागा मात्र दोनशे पावले पुढे, समुद्राच्या अंगाला. जिथे पूर्वी तपकिरी येई तिथेही आता पांढरी येते. ओहोटी सगळे धुऊन नेते असे आपण समजतो. भरती सहा तासांनी तेच परत आणून देते. मास्तर बाटली उन्हाकडे धरतात, मला दाखवतात आणि ओततात. जाळ्यांचे खुंटे चिखलात अजून उभे आहेत. त्यांवर बगळासुद्धा बसत नाही.

चांगुणाबाई अजून येते. टोपली तीच, आत मासळी दुसरीकडची: ससून डॉकवरून सुकट आणि बोंबील विकत आणायचे आणि दारोदार विकायचे. ओल्या मासळीच्या बाईने सुकी विकणे म्हणजे काय, ते तिच्या ओरडण्यात ऐकू येते. पूर्वी ती मासळीचे नाव घेऊन हाक देई. आता नुसते “घ्या हो” म्हणते.

पंचाचा भत्ता सव्वा रुपया मला त्या वर्षीच्या कार्तिकात मिळाला. आजच्या भाषेत सव्वाशे नवे पैसे. तो घरात ठेवावासा वाटेना. ती आली तेव्हा मी तो तिच्यापुढे धरला आणि कशाचा ते सांगितले. तिने पैसे घेतले, मोजले, चुंबळीत खोचले, आणि सव्वा रुपयाची सुकट मापाने भरून, वर एक मूठ जास्त घालून, हिच्या सुपात ओतली. मी म्हटले, मी सुकटीचे पैसे नव्हते दिले. ती म्हणाली, मग कसले घेऊ?

तर अखेर दिले गेले ते असे. पाच घरांना पोस्तीचे पन्नास रुपये. मेलेले मासे तीन खेपांत नेऊन पुरण्याचे गाडीवानाला नऊ रुपये. दोन पंचांना सव्वा सव्वा रुपया. आणि चांगुणाबाईला सव्वा रुपया, सुकटीचा. खाडीचा म्हणून कुणाला काही दिलेले नाही.